डाळिंबाच्या बागेतून गॅसची पाइपलाइन, सही मागतायत

सिन्नरचा_डाळिंबवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी चाकणला कंपनीत असतो, शेती वडील बघतात. सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात आमची अडीच एकर डाळिंबाची बाग आहे. भगवा वाण, सहावं वर्ष, लागवड 14 बाय 10 फुटांवर. मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरलाय, फळ आत्ता लिंबाएवढं झालंय. तोडा डिसेंबर-जानेवारीत.

आमच्या गटातून मोठी गॅस पाइपलाइन जाणार आहे. मागच्या वर्षी कोणीतरी येऊन खुंट्या ठोकून गेले होते, तेव्हा वडिलांना वाटलं रस्त्याची मोजणी आहे. गावातल्या अर्ध्या लोकांना तर अजून वाटतंय की घरोघरी नळाला गॅस येणार! गेल्या मंगळवारी ठेकेदाराचा सुपरवायझर जीपमधून आला आणि बॉनेटवर कागद ठेवून वडिलांना म्हणाला, ‘बाबा, इथे सही करा, पैसे खात्यावर येतील.’ कागदावर वर ‘संमतीपत्र व पंचनामा’ असं छापलेलं, खाली क्षेत्र आणि झाडांचा रकाना रिकामा. वडिलांनी चष्मा घरी राहिला म्हणून सांगून वेळ मारून नेली. तो जाताना म्हणाला, सही करा नाहीतर करू नका, आम्ही पोलीस बंदोबस्तात काम करणारच.

शनिवारी मी गावी गेलो. ग्रामपंचायतीच्या फलकावर राजपत्राची प्रत लावलेली सापडली, आमचा गट नंबर त्यात आहे. हरकतीला 21 दिवस, त्यातले आठ उरलेत. माझ्या हिशेबाने 20 मीटर रुंद आणि 140 मीटर लांब पट्टा जातो, म्हणजे 28 आर. सुपरवायझर तोंडी म्हणाला 160 झाडं धरू. मी मोजली तर 215 भरली. त्यातल्या काहींना मर (झाड वाळवणारा रोग) लागलीय हे खरं, पण 55 झाडांना नाही.

प्रश्न असे. सही करायची का? नाही केली तर खरंच पोलीस आणून काम करू शकतात का? आणि सातबारा सामाईक आहे, वडील, चुलते आणि मुंबईची आत्या. बाग वडिलांनी एकट्याने उभी केली. पैसे कोणाला मिळतात?

---

वकिली_बारा_वर्षं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: जमीन विकत घेतली जात नाहीये. हे 1962 च्या पेट्रोलियम व खनिज पाइपलाइन कायद्याखाली चाललंय. त्यात फक्त जमिनीखालून नळ टाकण्याचा ‘वापराचा हक्क’ घेतात. मालकी तुमचीच राहते, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद येते. म्हणून भूसंपादनासारखी दुप्पट-चौपट रक्कम इथे आपोआप लागू होईल, या समजुतीत राहू नका.

तुम्ही फलकावर पाहिली ती कलम 3(1) ची अधिसूचना. राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्यापासून 21 दिवसांत कलम 5 खाली लेखी हरकत द्यायची, ती ‘सक्षम प्राधिकाऱ्या’कडे. तहसीलदाराकडे नाही, कंपनीच्या साइट ऑफिसलाही नाही. त्याचं नाव-पत्ता अधिसूचनेतच असतो. तो सुनावणी देतो, तिथे तुम्ही किंवा वकील बोलू शकता. हरकतीवर त्याचा आदेश अंतिम. त्यानंतर कलम 6 ची घोषणा झाली की हक्क गेला. त्यापुढे तुमची सही असो-नसो, ते कलम 7 खाली आत येऊ शकतात आणि मुद्दाम अडवलं तर कलम 15 मध्ये शिक्षा आहे. सुपरवायझर बोलला ते घोषणेनंतर खरं, आज खोटं. आज त्यांना कलम 4 खाली मोजणी-पाहणीपुरतंच आत येता येतं.

पैशांचे दोन वेगळे भाग. एक, कलम 10 ची नुकसानभरपाई: झाडं, उभं पीक, जमीन तुटल्यामुळे झालेलं नुकसान, शिवाय इतर मालमत्तेला किंवा उत्पन्नाला बसलेला फटका. दोन, वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के, आणि बाजारभाव 3(1) च्या अधिसूचनेच्या तारखेचा. सक्षम प्राधिकाऱ्याचा आकडा पटला नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज, आकडा कळवल्यापासून 90 दिवसांत. ही मुदत लोक सर्रास घालवतात.

सामाईक सातबारा: 10 टक्के जमिनीचे आहेत, ते सर्व खातेदारांना हिश्शाप्रमाणे. झाडं-पिकाचं नुकसान ज्याची वहिवाट आहे त्याला मागता येतं, पण पीकपाहणीत (सातबाऱ्यावरच्या पिकांच्या नोंदीत) वडिलांचं नाव आणि डाळिंब दोन्ही लागलेलं हवं. ते आजच बघा. भावाबहिणींत वाद झाला तर वाटणीचा प्रश्नही जिल्हा न्यायाधीशाकडेच जातो आणि तोवर पैसे अडकून पडतात.

---

आडवा_पडणार

वकीलसाहेब कागदं मोजत बसा. आमच्या गावाने एकजूट केली, पंधरा दिवस मशीन पुढे सरकू दिलं नाही, तेव्हा कुठे साहेब लोक एसी गाडीतून उतरले. सही करू नका. मशीन आलं की बायका-पोरांसकट चरात बसा. बाकी सगळं नंतर.

---

गडहिंग्लजचा_फड

दादा, मी शक्यतो लिहीत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमच्या फडातून लाइन गेली त्याला बारा वर्षं झाली. गेले फक्त अकरा गुंठे. पण त्या अकरा गुंठ्यांनी मला जे शिकवलं ते फी भरून कुठे शिकायला मिळणार नाही.

वर आडवं पडायचं म्हणणाऱ्या भावाला माझा रामराम. आम्हीपण चार दिवस बसलो होतो. साहेब आले, चहा झाला, तोंडी सगळं कबूल झालं. पाचव्या दिवशी मशीन चालू झालं आणि कबूल केलेलं एकही कागदावर नव्हतं. तो साहेब पुन्हा कधी दिसला नाही. बसायला माझा विरोध नाही, पण उठताना हातात काय घेऊन उठता ते बघा.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. उभा ऊस होता, आडसाली, नऊ महिन्यांचा. पंचनाम्यात लिहिलं काय? ‘ऊस.’ एवढंच. जात नाही, वय नाही, लागण की खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा येणारं पीक) नाही. मी सही केली. पैसे आले ते एका पिकाचे. अहो, लागण मोडली की पुढचे दोन खोडवेपण गेलेच की! बेणं, सरी, भर, सगळं पुन्हा. हे मला पैसे खर्च झाल्यावर सुचलं.

दुसरं, माती. आमच्याकडे वर दोन-अडीच फूट काळी, खाली मुरूम. पोकलेनवाल्याने सगळं एकाच बाजूला ओढलं आणि नळ टाकून झाल्यावर हाताला येईल तसं लोटून दिलं. मुरूम वर, काळी खाली. पुढच्या वर्षी बाकीच्या फडात ऊस डोक्याच्या वर आणि त्या पट्ट्यात माझ्या कमरेला. तीन वर्षं शेणखत आणि मळी ओतली. अजून माळावरून खाली बघितलं की फडात एक पिवळा पट्टा दिसतो. सरळ, भांग पाडल्यासारखा.

तिसरं सगळ्यात वाईट. नदीवरून येणारी आमची चार इंची पाण्याची लाइन त्या पट्ट्याला आडवी जात होती. ती तोडली. उद्या जोडतो म्हणाले, बावीस दिवसांनी जोडली. पट्ट्याच्या पलीकडे माझा अर्धा एकर ऊस होता, तो वाळला. मागायला गेलो तर म्हणाले, तो आमच्या हद्दीत नाही, पंचनाम्यात नाही. वकीलसाहेबांनी लिहिलंय ना वर, ‘जमीन तुटल्यामुळे’ आणि ‘इतर मालमत्तेला’ झालेलं नुकसान. ते हेच. मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी सिद्ध कशाने केलं असतं?

आमचा एक भाऊबंद आहे, शाळेत शिपाई होता. त्याचं रान माझ्या बांधाला लागून, लाइन तीच, क्षेत्रही जवळपास तेवढंच. त्याने पहिल्या दिवशी शंभर पानी वही घेतली. रोज तारीख घालायचा. आज मशीन किती वाजता आलं, किती जण होते, काय तोडलं, पाणी कधी बंद झालं. आणि संध्याकाळी वही घेऊन पोकलेनच्या ड्रायव्हरकडे जायचा. तंबाखू द्यायचा आणि म्हणायचा, बाबा, खरं लिहिलंय का बघ आणि सही कर. ड्रायव्हर बिहारचा, मराठी येत नव्हती, हा वाचून हिंदीत सांगायचा. तोही बिचारा करायचा सही. आम्ही हसायचो त्याला. ती वही जिल्हा कोर्टात चार वर्षं फिरली, पानं पिवळी पडली, पण त्याला माझ्या अडीचपट पैसे मिळाले. त्याच्या आणि माझ्या रानात दुसरा काहीच फरक नव्हता.

तुमच्या बागेत तर माझ्यापेक्षा मोठा घोळ आहे. माझा ऊस त्या पट्ट्यात पुन्हा लावता आला. तुम्हाला झाड लावता येणार नाही.

---

सिन्नरचा_डाळिंबवाला

म्हणजे कायमचं? डाळिंब तर झुडूपच आहे, वडासारखं थोडंच आहे.

---

वकिली_बारा_वर्षं

कायमचं. कलम 9: पूर्वीच्याच कामासाठी जमीन वापरता येते, पण त्या पट्ट्यात बांधकाम, विहीर, तळं, धरण नाही आणि झाड लावायचं नाही. कंपन्या डाळिंब, द्राक्ष, आंबा सगळं झाडातच धरतात. आणि हाच तुमचा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. तुमचं नुकसान या बहाराचं नाही. बागेचं जेवढं आयुष्य उरलंय तेवढ्या वर्षांचं उत्पन्न गेलं, आणि त्यानंतरही तिथे बाजरी-कांदाच. सक्षम प्राधिकारी एका तोड्याचे पैसे धरतो का बागेच्या उरलेल्या आयुष्याचे, यावर खरी लढाई. 10 टक्क्यांवर लोक तावातावाने भांडतात. समजा तुमच्याकडे एकरी 10 लाख भाव धरला तर 28 आरचे, म्हणजे पाऊण एकरालाही कमीच, हे 10 टक्के 70 हजारांच्या आत येतात. 215 झाडांचं एका वर्षाचं पट्टीचं (व्यापाऱ्याकडच्या विक्रीचं) बिल काढून बघा.

10 टक्के कमी आहेत म्हणून कायदाच बेकायदा, असं म्हणायला जाऊ नका. गुजरातच्या शेतकऱ्यांनी तो प्रयत्न केला, 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा वैध ठरवला.

---

सिन्नरचा_डाळिंबवाला

काढलं. गेल्या वर्षी झाडामागे सरासरी 20 किलो, पट्टी 70 रुपयांनी. 215 झाडांचे तीन लाख. एका वर्षाचे. आमचं भांडण 70 हजारांवर चाललं होतं, काल रात्री चुलत्यांशी त्यावरूनच वाजलं.

---

खुंटीवाला

मी सहा वर्षं पाइपलाइनच्या सर्व्हे टीममध्ये होतो, दुसऱ्या बाजूने. आता सोडलं. थोडं आतलं सांगतो.

सुपरवायझरला रेट ठरवायचा काहीच अधिकार नसतो. त्याच्यावर दबाव असतो तो सलग पट्टा मोकळा करण्याचा. खोदणारी, वेल्डिंगची, नळ खाली सोडणारी टोळी एकामागे एक चालत असते. मध्ये एक गट अडला की सगळ्यांचा दिवस वाया. म्हणून तो कोरा कागद घेऊन फिरतो. तुम्ही वाईट वागलात तर तो पोलिसांचं नाव काढतो, नीट बोललात आणि लेखी मागितलंत तर वर फोन करतो. मी स्वतः असे फोन केलेत.

संमतीपत्र, पंचनामा, ताबा पावती आणि ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ ही पावती असे चार वेगळे कागद असतात. एकाच सहीत दोन उरकले जातायत असं दिसलं की थांबायचं. तुमच्या वडिलांना दिलेला तोच प्रकार होता. पंचनाम्यावर सही करायला हरकत नाही, पण रकाने भरलेले हवेत, प्रत तिथल्या तिथे हवी आणि झाडं मोजताना तलाठी व कृषी सहायक हजर हवेत. मर लागलेली झाडं वेगळ्या ओळीत लिहायला लावा, वगळू देऊ नका. चेक घेताना स्वतःच्या अक्षरात ‘हक्क राखून, रक्कम अमान्य करून स्वीकारली’.

मार्ग बदलायचं म्हणाल तर अधिसूचनेनंतर चार-दोन मीटर सरकणंही जड असतं, कारण एका गटात सरकलं की शेजारच्या गटात अधिसूचना नसलेली जमीन लागते. पट्ट्यात विहीर, घर किंवा पक्कं बांधकाम आधीपासून असेल तर मात्र कलम 7 प्रमाणे त्याखालून नळ टाकताच येत नाही. तुमच्याकडे आहे का काही?

आणि जे सहज मिळतं पण कोणी मागत नाही ते म्हणजे वेळ. तोडा झाल्यावर या, हे हरकतीत लिहा. घोषणा व्हायला काही महिने जातातच, ठेकेदाराला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करता येते. त्याचा यात रुपया जात नाही.

---

वणीकर

तुमचं वाचून खरं सांगू का, थोडा हेवा वाटला. आमच्याकडे कोळसा. 1957 चा कोळसा क्षेत्र कायदा. आधी कलम 4 खाली बोअर मारायला येतात, मग कलम 7 ची सूचना, 30 दिवस हरकत, मग सगळी जमीनच जाते. मोबदल्याचा वाद न्यायाधिकरणात. तुमच्या शेतात निदान कांदा तरी लावाल. आमच्या शेतावर आता मातीचा डोंगर आहे, त्यावर बाभळी.

---

गडहिंग्लजचा_फड

वणीकर दादा, तुमच्यापुढे आमचं काय दुःख. खरं आहे.

सिन्नरकर, खुंटीवाल्यांनी वेळेचं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. आणखी दोन गोष्टी हरकतीत घाला. वरची माती वेगळी काढायची, वेगळ्या ढिगात ठेवायची आणि शेवटी वरच टाकायची. आणि नळाचा माथा जमिनीपासून किती खाली राहणार ते लिहून मागा. कायद्यात कमीत कमी एक मीटर आहे. नंतर चर बसतो आणि ट्रॅक्टरचं चाक तिथेच उतरतं, म्हणून दोन पावसाळ्यांनंतर पुन्हा माती भरून द्यायची हेही घाला. आमचा तर पहिल्याच पावसात खचला, बैल गुडघ्यापर्यंत गेला होता.

ठिबकचं विसरू नका. मेन लाइन कुठून जाते? माझ्या चार इंचीसारखं होऊ नये. पलीकडच्या बागेला पाणी तुटलं तर किती दिवसांत जोडणार आणि तोवर टँकर कोण घालणार?

---

सिन्नरचा_डाळिंबवाला

मंडळी, खबर देतो. परवा रजा टाकून नाशिकला गेलो. हरकत दिली, आवक शिक्का घेतला. विहीर पट्ट्याच्या कडेला निघाली, काठापासून जेमतेम बारा फूट. नकाशावर ती दाखवलेलीच नव्हती! तिथल्या कारकुनाने स्वतः पेन्सिलीने गोल काढला. ठिबकची मेन लाइन पट्टा दोनदा ओलांडते, तेही लिहिलं. तोडा 20 जानेवारीपर्यंत होईल, त्याआधी प्रवेश नको, असं लिहून दिलंय. सुनावणीची तारीख मिळालीय.

पीकपाहणीत 2022 पासून वडिलांचं नाव आणि डाळिंब आहे, त्याआधी बाजरी दिसते. जमिनीच्या भावाला पुरावा म्हणून आसपासच्या खरेदीखतांचे इंडेक्स टू (नोंदणीचे उतारे) काढायला दिलेत.

काल फेरमोजणी झाली, तलाठी आणि कृषी सहायक दोघं आले. 209 झाडं लागली, त्यातली 31 मर लागलेली म्हणून वेगळ्या ओळीत. सहा कुठे गेली माहीत नाही, बहुतेक माझंच मोजणं चुकलं. सुपरवायझरचा चेहरा बघण्यासारखा होता, पण शेवटी त्यानेच सावलीत बसून वडिलांसोबत चहा घेतला. तो बीडचा निघाला, त्याच्याही शेतातून काहीतरी रस्ता चाललाय म्हणे.

आत्याचं मात्र अवघड आहे. फोनवर म्हणाली, मला पैसे नकोत, पण नाव कमी करणार नाही. वडील म्हणतात, तिचं नाव कमी करायचं नाहीच. आता तिच्या पासबुकची झेरॉक्स मागायची कशी, यावर घरात चर्चा चालू आहे.

एक विचारायचं होतं. झाडांना नंबर टाकलेत, चुन्याने. चालेल ना?

---

गडहिंग्लजचा_फड

चुना नको. परतीचा पाऊस अजून पडायचाय, सगळं धुऊन जाईल. पिवळा ऑइल पेंट आणा, छोटा डबा पुरतो. खोडावर गुडघ्याएवढ्या उंचीवर टाका, आणि नंबरासकट प्रत्येक झाडाचा फोटो काढताना वडिलांना बाजूला उभं करा. आणि वही घेतली का?